अंगणातला अग्नी आणि शेजारधर्म

नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी गोमंतकातील घरोघरी न्हाणीतले तांब्याचे भाण घासूनपुसून लखलखीत करतात, त्याच्या गळ्यात फुलांची माळ घालतात, पाणी भरून ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, अजून तारे मावळले नाहीत तोच, त्याखाली अग्नी पेटतो. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील आपल्या मराठी घरांत भाणाची जागा बंबाने घेतली होती. मध्ये निखाऱ्यांची उभी नळी, तिच्याभोवती पाणी, खाली राख पडण्यास जाळी व बाजूस तोटी असे ते सुटसुटीत यंत्र आजही कोठे कोठे माळ्यावर पडलेले आढळते. भाण असो वा बंब असो, त्याच्या उबेचे वाटेकरी घरातील सर्वच असत. धुराचा वाटेकरी मात्र एकच असे: जो फुंकणी घेऊन चुलीपुढे ओणवा बसे तो, किंवा बहुधा ती. ऊब सर्वांची आणि धूर एकाचा, ही वाटणी आपण इतकी स्वाभाविक मानली की ती वाटणी आहे हेसुद्धा आपल्या ध्यानी राहिले नाही.

धुराच्या या वाटणीचा इतिहास फार जुना आहे. घर उबदार ठेवण्यासाठी अग्नी घराबाहेर ठेवावा आणि केवळ त्याची उष्णता आत आणावी, ही कल्पना मनुष्याला निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या काळी सुचलेली आहे. प्रत्येक वेळी गृहस्थाने धुरापासून आपली सुटका करून घेतली. परंतु धूर नाहीसा झाला नाही, तो दुसऱ्या कोणाच्या दारी गेला. तो कोणाच्या दारी गेला एवढाच प्रश्न धरून या इतिहासाकडे पाहावे, असा आमचा विचार आहे.

प्रथम रोम घेऊ. रोमन लोकांनी स्नानगृहांची व धनिकांच्या घरांची जमीन विटांच्या बुटक्या खांबांवर उचलून धरली आणि भिंतीबाहेर भट्टी बांधली. भट्टीतील तप्त वायू त्या खांबांमधून फिरे, भिंतींत बसविलेल्या पोकळ नळ्यांतून वर चढे, आणि खोलीत ज्वाला न दिसता ऊब पसरे. वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रुव्हियस याने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात या रचनेचे वर्णन करून ठेवले आहे. खांबांखालची फरशी भट्टीच्या दिशेने इतकी उतरती असावी की आत फेकलेला चेंडू आपोआप भट्टीच्या तोंडाशी परत यावा, असे तो सांगतो. कारण फरशी अशी असली म्हणजे ज्वाला वरच्या दिशेने सुलभ पसरते. किती बारीक विचार! परंतु भट्टीच्या तोंडाशी उभे राहून रात्रंदिवस लाकडे सारण्याचे काम गुलामाचे होते. संगमरवरावर अनवाणी चालणाऱ्या यजमानाला धूर दिसत नव्हता, याचे कारण तो दुसऱ्याच्या डोळ्यांत जात होता.

कोरियाने हीच कल्पना साध्या गृहस्थाच्या घरात आणली. तेथील 'ओन्दोल' पद्धतीत स्वयंपाकघरातील चुलीचे तोंड शेजारच्या खोलीच्या पातळीहून खाली असते. अन्न शिजविणारी ज्वाला वाया न जाता खोलीच्या जमिनीखालील दगडी नाल्यांतून वाहते, वरच्या शिळा तापविते, आणि पलीकडच्या टोकास उभ्या केलेल्या धुराड्यातून बाहेर पडते. शिळांवर मातीचा थर आणि त्यावर तेल दिलेला जाड कागद असतो. घरातील सारा संसार त्या उबदार जमिनीवर चालतो, आणि चुलीजवळची अधिक उष्ण जागा वडीलधाऱ्यांना देण्याचा शिष्टाचार आहे. एकाच अग्नीत भात आणि ऊब दोन्ही साधणारी ही काटकसर आपल्या गृहिणींस तत्काळ पटेल. २०१८ मध्ये कोरियन शासनाने या संस्कृतीला राष्ट्रीय वारशाचा दर्जा दिला, तो योग्यच होय. तथापि तिच्या इतिहासात एक शोकाचे प्रकरणही आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास लाकूड दुर्मीळ झाल्यावर लोक कोळशाच्या भुकटीच्या सच्छिद्र वड्या त्याच चुलीत जाळू लागले. जमिनीला कोठे बारीक तडा असला की त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा रंगहीन, गंधहीन विषारी वायू वर येई, आणि झोपलेली माणसे झोपेतच दगावत. जळण बदलले परंतु जमिनीखालचे नाले मात्र जुनेच राहिले. डागडुजीतील एवढ्याशा आळसाने अनेक कुटुंबे नाहीशी झाली.

आपल्या देशात काश्मीरमध्ये मशिदींतून व कित्येक घरांतून हमाम असतो. दगडी फरशीखाली पोकळी, बाहेरून लाकडे सारण्याचे तोंड आणि आत बसण्याजोगी ऊब, अशी त्याची रचना असते. येथेही तत्त्व तेच आहे.

आता या परंपरेच्या अगदी अलीकडच्या रूपाकडे वळू. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९७३ च्या तेलटंचाईनंतर खनिज तेल महागले आणि उत्तरेकडील हिमप्रदेशातील शेतकरी व ग्रामस्थ पुन्हा लाकडाकडे वळले. १९८० नंतरच्या दशकात तेथे एक नवे यंत्र प्रचारात आले. घरापासून काही अंतरावर, परसात, पत्र्याच्या लहानशा खोपटासारखे ते दिसते. आत लोखंडी अग्निकोष्ठ, त्याच्या चहूबाजूंस शेकडो लिटर पाण्याचे वेष्टण, आणि वर आखूड धुराडे. सुमारे ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले पाणी पंपाने जमिनीखालच्या उष्णतारोधक नळांतून घरात जाते, आपली उष्णता तेथे देते आणि निवून परत येते. त्यास आमच्या बंबाचा थोरला बंधू म्हणावयास हरकत नाही. पाण्याच्या वेष्टणात अग्नी ठेवण्याचे तत्त्व दोहोंचे एकच आहे.

त्याचे गुण उघड आहेत. आगीचे भय घराबाहेर राहते, लाकडांचा कचरा, साल, किडे, राख काही आत येत नाही, आणि दिवसातून दोनदा ओंडके भरले की काम भागते. ज्याच्या मालकीचे रान आहे त्याला जळण जवळजवळ फुकट पडते. हिमवर्षावात तेलाची गाडी येवो न येवो, त्याचे घर उबदार राहते. वीज गेली की पंप थांबतो, ही अडचण खरी. परंतु पाण्याचे वेष्टण हवेस उघडे असल्यामुळे बंदिस्त बाष्पपात्राप्रमाणे स्फोटाची धास्ती नसते.

दोष मात्र त्याच्या स्वभावातच दडलेला आहे. घर पुरेसे तापले की यंत्राची हवेची झडप आपोआप मिटते. अग्नीला प्राणवायू मिळेनासा होतो. तो विझत नाही, धुमसत राहतो. धुमसणारे लाकूड पूर्ण जळत नाही. त्यातील तैलद्रव्ये दाट धुराच्या रूपाने निघतात, आणि थंड लोखंडी भिंतींवर काळ्या डांबरासारखा चिकट थर साचतो. आमच्या चुलीत ओले सोडण घातल्यावर जे होते तेच येथे मोठ्या प्रमाणावर व तासन्‌तास होते. त्यात धुराडे अवघे दहा-बारा फूट. हिवाळ्याच्या निवांत पहाटे, जेव्हा जमिनीलगतची थंड हवा हलत नाही, तेव्हा हा धूर वर न जाता शेजाऱ्याच्या अंगणात, खिडकीत व शेवटी फुप्फुसात शिरतो. ईशान्येकडील संस्थानांच्या वायुनियंत्रण अधिकाऱ्यांच्या संघाने २००६ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा असे एक सरासरी यंत्र सूक्ष्म कणांच्या बाबतीत प्रमाणित केलेल्या २२ लाकडी शेगड्यांइतके किंवा तेलावर चालणाऱ्या २०५ भट्ट्यांइतके प्रदूषण करते असे आढळले. रोममध्ये जो धूर गुलामाच्या डोळ्यांत गेला, तो येथे शेजाऱ्याच्या लेकरांच्या छातीत गेला. फरक इतकाच की हा शेजारी गुलाम नव्हता, स्वतंत्र नागरिक होता, आणि तो न्यायासनासमोर व विधिमंडळासमोर उभा राहू शकत होता.

येथे कायद्याच्या अभ्यासकाला एका जुन्या निवाड्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. १६१० मध्ये इंग्लंडमध्ये आल्ड्रेड नावाच्या गृहस्थाने आपल्या घरालगत डुकरांचा गोठा बांधणाऱ्या शेजाऱ्यावर दावा लावला. प्रतिवादीच्या बाजूने असा युक्तिवाद झाला की माणसाचे नाक इतकेही नाजूक असू नये. न्यायालयाने तो मानला नाही. सर एडवर्ड कोक यांनी नोंदविलेल्या या निवाड्यात चुन्याच्या भट्टीचा दाखला आहे. चुन्याची भट्टी ही उपयुक्त व फायद्याची वस्तू खरी. परंतु ती दुसऱ्याच्या घराला इतकी लागून बांधली की तिचा धूर त्या घरात शिरून तेथे राहणे अशक्य व्हावे, तर दावा चालेल, असे त्याचे तात्पर्य. वस्तू उपयुक्त आहे म्हणून शेजाऱ्याला त्रास देण्याचा परवाना मिळत नाही. आपली वस्तू अशी वापरा की दुसऱ्याची हानी होऊ नये, हे त्यामागचे सूत्र होय. चारशे वर्षांपूर्वीच्या भट्टीच्या जागी परसातील यंत्र ठेवले, तर निवाड्याचे एक अक्षरही बदलावे लागणार नाही.

अमेरिकेतील विधिमंडळांनी व अधिकाऱ्यांनी हेच सूत्र फुटांत आणि पौंडांत मांडले. व्हर्माँट संस्थानाने १९९७ मध्ये नियम केला की असे यंत्र दुसऱ्याच्या राहत्या घरापासून निदान २०० फूट दूर असावे, आणि ५०० फुटांच्या आत कोणाचे घर असेल तर धुराडे त्या घराच्या आढ्याहून उंच असावे. कनेक्टिकटने २००५ मध्ये जवळपास तसाच कायदा केला. न्यूयॉर्कने २०११ मध्ये धुराड्याची किमान उंची १८ फूट ठरविली. संघराज्याच्या पर्यावरण संस्थेने १९८८ मध्ये घरातील शेगड्यांना नियम लावले होते. परसातील यंत्रे मात्र त्यातून निसटली होती. २०१५ मध्ये तीही कक्षेत आली. दर दशलक्ष ब्रिटिश उष्मा-एकक उष्णतेमागे ०.३२ पौंड कण ही मर्यादा प्रथम घातली गेली, आणि २०२० पासून ती ०.१० पौंडावर, अथवा नेहमीच्या जळाऊ ओंडक्यांवर कसोटी घेतल्यास ०.१५ पौंडावर, आणली गेली. नव्या यंत्रांत धूर दुसऱ्या कोष्ठात पुन्हा जाळण्याची योजना आली. मात्र हे बंधन नव्या यंत्रांपुरते होते. जुनी यंत्रे लोकांच्या परसात तशीच राहिली, आणि नवे यंत्र घेण्याची ऐपत प्रत्येकाची नव्हती.

दुसरी बाजूही न्यायबुद्धीने पाहिली पाहिजे. ज्याच्याजवळ रान आहे पण रोकड नाही, अशा ग्रामस्थाला हे यंत्र म्हणजे चैन नव्हे. त्याच्या घरातही म्हातारे आईबाप आणि तान्ही मुले असतात. सरसकट बंदी घालून त्याला थंडीत ठेवणे हा न्याय नव्हे, जसा शेजाऱ्याला धुरात ठेवणे हा न्याय नव्हे. येथेच निगेचा प्रश्न येतो, आणि आमच्या मते तोच मुख्य आहे. कारण अंतर व उंची कायदा ठरवू शकतो, पण रोजच्या रोज कोष्ठात काय पडते ते केवळ गृहस्थाच्या हाती असते.

निगेचे नियम फार गहन नाहीत. पहिला नियम कोरड्या लाकडाचा. नुकतेच तोडलेले लाकूड वजनाने निम्म्याच्या आसपास पाणीच असते. ते जाळणे म्हणजे आधी पाणी उकळण्यासाठी लाकूड खर्चणे होय. लाकूड फोडून, वाऱ्यावर रचून, वरून झाकून, सहा महिने ते वर्षभर वाळवावे. ओलावा शतांश वीसच्या खाली आला की ते जाळण्यास योग्य झाले. दुसरा नियम प्रमाणाचा. घराला जेवढी ऊब हवी तेवढेच लाकूड घालावे. कोष्ठ ठासून भरला की झडप मिटते व धुमसणे सुरू होते. उन्हाळ्यात केवळ स्नानाच्या पाण्यासाठी हे यंत्र पेटते ठेवणे त्याच कारणाने वाईट. तिसरा नियम वर्ज्यांचा. रंगविलेले वा औषध चढविलेले लाकूड, प्लास्टिक, रबर, घरातील केरकचरा यांपैकी काहीही अग्नीत जाऊ नये.

चौथा नियम स्वच्छतेचा. राख नियमाने काढावी, निखाऱ्यांचा पातळ थर ठेवावा. काढलेली राख झाकणाच्या धातूच्या बादलीत घराच्या भिंतीपासून दूर ठेवावी, कारण वरून थंड दिसणाऱ्या राखेत विस्तव दिवसेंदिवस जिवंत राहतो. भिंतींवरचा चिकट थर खरवडावा व धुराडे साफ करावे. नाही तर तोच थर पेट घेतो. दाराची वेढणी झिजली की बदलावी. फटीतून शिरणारी हवा अग्नी बेताल करते. पाचवा नियम पाण्याचा. पातळी पाहावी, गंज रोखणारे द्रव्य पाण्यात घालून त्याची वेळोवेळी तपासणी करावी, आणि घरातून परतणारे पाणी फार निवू देऊ नये. ते सुमारे ६० अंशांखाली गेले की धुरातील बाष्प लोखंडावर दव धरते व भिंत आतून कुजते. जमिनीखालचे नळ नीट गुंडाळलेले नसतील तर त्याची साक्ष बर्फच देते: सगळ्या अंगणात बर्फ साचते आणि नळाच्या वाटेवर मात्र ते वितळून ओली रेघ उमटते. तेवढी ऊब गृहस्थाने जमिनीला दान केली असे समजावे.

हे नियम वाचताना आपल्या वाचकांस काही तरी परिचित वाटेल. आहिताग्नी गृहस्थाचा धर्म आठवा. वर्तुळाकार कुंडातला गार्हपत्य, चौरस कुंडातला आहवनीय आणि अर्धचंद्राकार कुंडातला दक्षिणाग्नी यांची स्थाने व आकार ठरलेले. समिधा कोणत्या वृक्षाच्या घ्याव्या याचा विधी. अग्नीत काय पडू नये याचा निषेध. सकाळ-संध्याकाळ त्याची सेवा. अग्नी मालकीने आपला होत नाही, सेवेने आपला राहतो, असा त्या विधीचा लौकिक अर्थ आम्ही समजतो. शेजाऱ्याचा विचारही आपल्याकडे नवा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात घरांच्या बांधणीचे नियम सांगताना अग्निस्थान, पाण्याच्या मोठ्या रांजणाची जागा, जाते व उखळ यांसाठी एक पद किंवा एक अरत्नी, म्हणजे सुमारे हातभर, अंतर सांगितले आहे आणि ते मोडणाऱ्यास २४ पण दंड ठेवला आहे. हातभर अंतर आणि २०० फूट अंतर यांत काळाचा व यंत्राचा फरक आहे. कायद्याच्या बुद्धीचा नाही. आजच्या आपल्या कायद्यातही भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ याच्या सातव्या कलमाखालील उदाहरणांत, आपल्या जमिनीवर येणारी हवा इतरांनी अवाजवी दूषित करू नये, हा प्रत्येक मालकाचा हक्क सांगितला आहे. आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या २८० व्या कलमाने आसपासच्या लोकांच्या आरोग्यास अपायकारक होईल अशी हवा बुद्ध्या दूषित करणाऱ्यास एक हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे.

परंतु कलमांनी शेजारधर्म पुरा होत नाही, हे आमच्या धंद्याने आम्हांस शिकविले आहे. मागे एकदा दोन शेजाऱ्यांचा तंटा आमच्याकडे आला. स्थळ व नावे सांगण्याचे प्रयोजन नाही. एकाच्या न्हाणीचा धूर दुसऱ्याच्या माजघरात येई, आणि तेथे दम्याने आजारी म्हातारी आई निजलेली असे. दोघेही एकाच देवळाचे महाजन, पालखीला एकमेकांच्या खांद्याला खांदा लावणारे. पण बोलणे बंद झालेले. नोटिशीचा मसुदा तयार होता. तो पाठविण्यापूर्वी आम्ही पक्षकारासह जागा पाहण्यास गेलो. न्हाणीच्या भिंतीला टेकून ओल्या झावळ्या व सोडणे रचलेली, आणि धुराचा नळ वळचणीच्याही खाली तुटलेला. यजमानाला तो तुटल्याचे ठाऊकच नव्हते. न्हाणी पेटविणारी बाई निराळी, आणि तिने सांगितले ते कोणी ऐकले नव्हते. नळ आढ्याच्या वर नेला, जळण पडवीत कोरडे रचले, आणि नोटीस फाडली. त्या बाईचे डोळेही त्या दिवसापासून कमी चुरचुरले असतील, हे आम्हांस नंतर सुचले, आणि आधी सुचले नाही याची लाज वाटली.

रोमचा गुलाम, अमेरिकेतला शेजारी, आणि आपल्या न्हाणीपुढे फुंकणी घेऊन बसलेली बाई, ही सारी एकाच प्रश्नाची उत्तरे आहेत: ऊब माझी, तर धूर कोणाचा? ज्या गृहस्थाने हा प्रश्न स्वतःला विचारला, त्याच्या अंगणातला अग्नी शोभतो. येत्या चतुर्दशीस भाणाला माळ घालण्यापूर्वी धुराच्या नळाकडे एकदा मान वर करून पाहावे, जळण कोरडे आहे ना ते चाचपावे, आणि पहाटे अग्नी पेटल्यावर क्षणभर बाहेर येऊन धूर कोणत्या दिशेला जातो ते बघावे. अभ्यंगाचे पुण्य त्यानंतरच पदरी पडेल, अशी आमची नम्र समजूत आहे.